आबांचा दोर आखडला

"पुन्हा मोज," दादा म्हणाले.

"तीनदा मोजलं, बाबा."

"मग चौथ्यांदा मोज. यंत्राला सकाळी सकाळी झापड आली असेल."

लेकीनं हातातलं यंत्र दक्षिणेकडच्या लोखंडी खुंटीवर टेकवलं. ती रस्ते मोजणाऱ्या खात्यात होती. आजच्या दिवशी बापाला कौतुक वाटावं, एवढ्याचसाठी तिनं हे किरणानं माप घेणारं यंत्र ऑफिसातून मागून आणलं होतं. उत्तरेच्या गोलरेषेवर तिनं पांढरी फळी उभी केली होती. लाल ठिपका फळीवर जाऊन बसला. आकडा उमटला. तोच.

"एकशे तीन पूर्णांक पाच," ती हळूच म्हणाली. "एकशे पाच हवेत. दीड मीटर कमी आहे."

दादांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. संकट आलं की ते शिट्टी धरत. या शिट्टीनं त्यांनी आजवर मंत्र्यांपासून मांजरांपर्यंत सगळ्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. त्यांच्या वडिलांचा, आबांचा, नियमच होता: खेळाडू सोडून कोणी गवतावर पाय ठेवायचा तर अनवाणी, आणि तोही विचारून. सगळं शहर तो पाळायचं.

सकाळचे आठ वाजले होते. दुपारी चार वाजता लीगची शेवटची पाहणी होती. तेरा संघांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये चौदावा संघ घ्यायचा होता. एकवीस शहरांनी अर्ज केले, गाळत गाळत दोन उरली, आणि त्यातलं एक हे. अर्जासोबत जोडलेल्या कागदावर दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'मैदानाची लांबी एकशे पाच मीटर. मी स्वतः मोजली आहे.' खाली सही.

"मी दोरानं मोजली होती," दादा म्हणाले. "आबांच्या दोरानं. आबांचा दोर खोटं बोलणार नाही."

लेकीनं बापाकडे बघितलं. कोपऱ्यातल्या खोलीत खुंटीवर टांगलेला तो सुती दोर तिनं जन्मापासून पाहिला होता. विटांच्या बंद पडलेल्या भट्टीची राडारोडा भरलेली जमीन आबांनी हातानं साफ करून हे मैदान केलं, तेव्हाचा तो दोर. दरवर्षी हंगाम संपला की गवत नव्यानं पेरायला गोलचे खांब उपटायचे. नवा हंगाम आला की दोर चुन्याच्या निवळीत बुडवायचा, वाळवायचा, दक्षिणेच्या खुंटीला बांधून दोन वेळा टाकायचा आणि तो संपेल तिथं उत्तरेचे खांब रोवायचे. आबा गेल्यावर दादांनी तेच केलं. एकेचाळीस हंगाम, न चुकता, आंघोळ करून.

"बाबा," ती म्हणाली, "सुती दोर भिजला की आखडतो."

दादांनी उत्तरेच्या खांबांकडे पाहिलं.

"दरवर्षी दोन बोटं धरा. एकेचाळीस वर्षांचे किती होतात?"

"मला गणित शिकवू नकोस," दादा म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

*

घर मैदानाला लागूनच होतं, दोन खोल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. तिथं दादांचे धाकटे बंधू चहा घेत बसले होते. शहर त्यांना 'तोफ' म्हणायचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी मध्यरेषेवरून मारलेल्या गोलाची आजही बसमधले प्रवासी त्यांना आठवण करून देत, कारण आता ते बस चालवत. शेजारी त्यांची ताई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना घरात आणि बाहेर सगळेच मास्तरीणबाई म्हणत. संघ मिळवण्याच्या समितीच्या त्या अध्यक्ष. चार वर्षं त्यांनी शहराचा एकेक दरवाजा ठोठावला होता, आणि आज त्यांच्या पुढ्यात चारची पाहणी मिनिटामिनिटानं आखलेला कागद होता.

लेकीनं सगळं सांगितलं.

"म्हणजे," तोफ सावकाश म्हणाले, "माझा तो गोल..."

"काका, तेव्हा ऐंशी सेंटिमीटर कमी असेल. मध्यरेषेपासून म्हणजे चाळीस."

"चाळीस!" तोफांनी कप खाली ठेवला. "एकोणीस वर्षं मी लोकांकडून हार घालून घेतोय आणि तो गोल चाळीस सेंटिमीटरनं उसना?"

"तुझा गोल गेला खड्ड्यात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दादा, नीट ऐक. लीगच्या त्या अधिकारी बाई यंत्र आणतील कशावरून? मागच्या वेळी लीगची माणसं आली, प्रेक्षकांच्या पायऱ्या बघितल्या, न्हाणीघरं बघितली, गेली. आजही आपण त्यांना पूर्वेच्या पायऱ्यांवरच गुंतवून ठेवू. शाळेची मुलं गाणी म्हणणार आहेत. गोड बोलू."

"ताईचं बरोबर आहे," तोफ लगेच म्हणाले. "कोण मोजतंय?"

"मी मोजलं," लेक म्हणाली.

"तू घरची आहेस!"

"म्हणून घरच्यांनी खोटं बोलायचं, आत्या? कागदावर बाबांची सही आहे. उद्या संघ आला, पहिल्या सामन्याला पंचांनी टेप टाकली, मग? तेव्हा कोण कुणाला गाणी म्हणून दाखवणार?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी मुलांना कान धरून खरं बोलायला लावलं होतं. पण या चार वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती जी या पोरीनं पाहिली नव्हती. संघ येणार म्हटल्यावर बंद कारखान्याच्या फाटकाशी बसणारी माणसं उठून उभी राहायची. उभी राहायची, बस्स. एवढंच. ते चित्र मोडायला त्यांचा जीव धजेना.

"वाद नको," दादा म्हणाले. इतका वेळ ते दाराशी उभे होते. "यंत्र चुकतंय. आबांचा दोर..."

"अहो, यंत्र चुकत नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वहिनी, दादांच्या पत्नी, पदराला हात पुसत वळल्या. त्यांचे वडील गाऊन प्रवचन करायचे, गावोगाव त्यांच्यामागे माणसं जमायची. तो गळा वहिनींकडे आला होता. पण त्या फार बोलत नसत. आज बोलल्या.

"लग्न होऊन आले तेव्हा उत्तरेच्या भिंतीला मी शेंगांचे वेल लावले. एक ओळ. रेषेपासून पाच मीटर मोकळे सोडायचे असं सासऱ्यांनी मला काठीनं मोजून दाखवलं होतं. ती काठी माझ्याकडे अजून आहे. दर हंगामाला मी त्याच काठीनं मोजायची, आणि दर हंगामाला भिंतीकडे दोन बोटं जागा जास्त निघायची. आठ-दहा वर्षांनी टोमॅटोची एक ओळ बसली. मग कोबी. मग..." त्या थांबल्या. "आता चार ओळी आहेत."

"आणि तू कधी बोलली नाहीस?" दादांचा आवाज फाटला.

"आधी वाटलं, देव माझी जागा वाढवतोय. खरंच वाटलं हो. मी हात जोडायची. मग एका वर्षी कळलं, जागा वाढत नाही, तुमची रेषा सरकते. पण तुम्ही तो दोर छातीशी धरून यायचात, लहान लेकरू आणावं तसा. कसं बोलणार? आणि..." वहिनींनी खाली बघितलं, "कोबी छान यायचा."

तोफांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत राहिले. मग मास्तरीणबाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

दादा मात्र हसले नाहीत. आबांच्या हयातीत या शहराला संघ मिळाला नव्हता. शेवटच्या आजारात आबांनी एकच सांगितलं होतं: मैदान मापात ठेव, बाकी देव बघेल. एकेचाळीस वर्षं दादा समजत होते की आपण तेवढं तरी केलं. आज कळलं की जे जपलं म्हणून मान ताठ होती, तेच दर वर्षी हातातून दोन बोटं सुटत होतं. आणि ज्या बाईनं हे पाहिलं, तिनं त्यांचा मान राहावा म्हणून तोंड मिटलं होतं. रागवावं कुणावर?

"आबांनी दोर जप नव्हतं सांगितलं," ते अखेर म्हणाले, जणू स्वतःशीच. "मैदान मापात ठेव म्हणाले होते." मग मान वर करून: "किती वाजले?"

"साडेआठ."

"साडेसात तास आहेत. तोफ्या, डेपोत फोन कर. ज्यांची ड्युटी नाही ते सगळे, फावडी घेऊन. मास्तरीण, तुझी मुलं गाणी म्हणणार होती ना? त्यांच्या बापांना बोलव. पोरी, तू खुंटीपासून एकशे पाचवर खूण कर."

"आणि बाग?" लेकीनं आईकडे बघितलं.

वहिनींनी कोपऱ्यातली कुदळ आधीच उचलली होती. "आतल्या तीन ओळी माझ्या नव्हत्याच," त्या म्हणाल्या.

*

मास्तरीणबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या हातातला मिनिटामिनिटाचा कागद कधीचा चुरगळून गेला होता. त्यांनी चाळीस माणसांना निरोप धाडला होता. दीडशे आली. डेपोतले चालक गणवेशात आले, बंद कारखान्यातले लोहार पहारी घेऊन आले, दवाखान्यातली रात्रपाळी संपवलेली परिचारिका हातमोजे न काढताच आली. फाटकाशी प्रत्येकानं चपला काढल्या. सांगावं लागलं नाही.

काम सोपं नव्हतं. खांब दीड मीटर मागं न्यायचे, म्हणजे नवे खड्डे आणि जुने बुजवणं. मधली रेघ पाऊण मीटर सरकणार, तिच्याबरोबर मधलं वर्तुळ. उत्तरेचा पेनल्टीचा चौकोन सगळाच नव्यानं. जुना चुना खराट्यानं आणि पाण्यानं धुवायचा, गवत न दुखवता. आणि रेषा मागं गेली की तिच्यामागं पाच मीटर मोकळं गवत हवं, म्हणून बागेतल्या तीन ओळींच्या जागी हिरवळ बसवायची. त्यासाठी दादांनी घरामागं ठिगळांसाठी वाढवलेल्या गवताच्या चौकोनी लाद्या कापायच्या, हातोहात पुढं द्यायच्या, मांडायच्या, थोपटायच्या.

अकरापर्यंत सगळा गोंधळ होता. लाद्या पुढं सरकेनात. कुणी दोन द्यायचं, कुणी एक, मध्येच ढीग पडायचा.

"एका तालात द्या!" दादा ओरडत होते. कोण ऐकतंय!

मग कोबीचा गड्डा बाजूला ठेवून वहिनी सरळ उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि गळा मोकळा केला.

"ज्यानं जागा दिली..."

वडिलांसारखाच आवाज. उघडा, उन्हासारखा. क्षणभर सगळे थबकले. मग लेकीनं उत्तर दिलं, तिला लहानपणापासून ठाऊक होतं: "...त्याला जागा द्या!"

"ज्यानं श्वास दिला..."

"त्याला श्वास द्या!" आता दहा-वीस आवाज.

"ज्यानं हात दिले..."

"त्याला हात द्या!" आणि 'द्या'वर एक लादी या हातातून त्या हातात. दीडशे माणसांची रांग घरामागून उत्तरेच्या भिंतीपर्यंत एका श्वासानं हलू लागली. वहिनी कडवी जागच्या जागी रचत होत्या. ज्यानं डोळे दिले, ज्यानं गवत दिलं, आणि मध्येच डोळे न उघडता, "ज्यानं दीर दिला..." तोफ लादी घेऊन थांबले. "...त्याला काम द्या!" सगळं मैदान हसलं आणि ताल मात्र चुकला नाही.

तोफ घामानं निथळत होते. लोहारांबरोबर खांब उचलताना त्यांना वाटलं, आयुष्यभर आपण या खांबांकडे चेंडूच मारले, हात कधी लावला नव्हता. जड होते. आत पोकळ असतील असं त्यांना उगीच वाटायचं.

सव्वातीनला लेकीनं यंत्र खुंटीवर टेकवलं. गाणं थांबलं.

"एकशे पाच," ती म्हणाली. "शून्य शून्य."

आरडाओरडा असा झाला की भिंतीवरची कबुतरं उडाली. भिंतीला लागून शेंगांच्या वेलांची एकच ओळ उरली होती. पहिली.

*

लीगच्या पाहणी अधिकारी बाई उंच होत्या, केस आखूड, पायांत जाड बूट. फाटकाशी रांगेनं लागलेल्या चपला बघून त्या थांबल्या, काही न विचारता वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. मास्तरीणबाईंनी दादांना कोपरानं ढोसलं. "बघ. चांगल्या घरची दिसते."

बाईंनी पायऱ्या पाहिल्या, न्हाणीघरं पाहिली, दिव्यांचे खांब पाहिले. मुलांनी गाणं म्हटलं. मग त्या मैदानात उतरल्या आणि चालत चालत उत्तरेच्या गोलमागं गेल्या. तिथं त्या थांबल्या. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. पुन्हा टाकला.

"इथं गवत थंड आहे," त्या म्हणाल्या. "ओलं. ताजं बसवलंय?"

मास्तरीणबाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. मैदानाची डागडुजी नेहमीच चालू असते, त्यात खोटं असं काही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मग भावाकडे पाहिलं आणि मिटलं. दादांची मूठ शिट्टीवर होती.

"आज दुपारी बसवलं," दादा म्हणाले. "आज सकाळपर्यंत हे मैदान दीड मीटर आखूड होतं. कागदावर मी एकशे पाच लिहिलं, ते चूक होतं. मुद्दाम नव्हे, पण चूक माझीच. थांबा, दाखवतो."

ते घरात गेले आणि दोर घेऊन आले, दोन्ही हातांवर धरून. त्यांनी सगळं सांगितलं. चुन्याचं पाणी, दोन बोटं, एकेचाळीस हंगाम, टोमॅटो, कोबी. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"मोजा तुम्ही," दादांनी शेवटी म्हटलं. "आता मापात आहे. पण आधी नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक असावं."

बाईंनी बॅगेतून एक घडी केलेला मोठा कागद काढला आणि गवतावर पसरला. विमानातून काढलेला शहराचा नकाशा होता. मैदानाभोवती लाल रेघ, रेघेवर आकडा: एकशे तीन पूर्णांक पाच.

"दोन महिन्यांपासून मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पाहणीला यायचं कारणच ते. मैदान लांब करायला एक दिवस पुरतो, ते तुम्ही दाखवलंत. मला बघायचं होतं की विचारल्यावर तुम्ही काय सांगता." त्यांनी दादांकडे पाहिलं. "लांबीचं तर मी अजून विचारलंही नव्हतं."

तोफांनी मागं लेकीचा हात इतका घट्ट दाबला की ती कळवळली.

बाई दोराकडे वाकल्या. "हा मला हातात घेऊ द्याल?"

"घ्या," दादा म्हणाले. "अनवाणी आहात."

*

निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रेडिओवर जाहीर होणार होता. दहालाच पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. खांबावरच्या कर्ण्यातून आधी हवामान आलं, मग बाजारभाव आले, आणि तोफ म्हणाले की बाजारभाव वाचणाऱ्या या माणसाला चावावंसं वाटतंय. मास्तरीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते.

मग आवाज म्हणाला की लीगचा चौदावा संघ... आणि शहराचं नाव घेतलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पायऱ्या गरजल्या. लोहार रडले, परिचारिकेनं अनोळखी माणसाला मिठी मारली, मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी, मागं, समोर, बंद कारखान्यातला एकेक माणूस उभा होता. चार वर्षं त्या जे चित्र उराशी धरून होत्या, ते आता हजारांनी होतं.

सगळी गर्दी उतरून मैदानाच्या कडेपर्यंत आली. आणि थांबली. एकाचाही पाय रेषेच्या आत पडला नाही. हजारो डोळे दादांकडे लागले.

दादांनी गळ्यातली शिट्टी ओठांपर्यंत नेली. मग खाली केली.

"चपला बाहेर," ते म्हणाले. मग हात हलवला: या. आत या.

शहर अनवाणी आत आलं. म्हातारे पाऊल टाकून हसायचे, गवत पायाला पहिल्यांदाच लागत होतं. कुणीतरी वहिनींचंच कडवं सुरू केलं आणि ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं: ज्यानं जागा दिली!

लेक वडिलांना शोधत उत्तरेच्या भिंतीशी पोहोचली. दादा गुडघ्यांवर बसून भिंतीतल्या खिळ्यांना दोर बांधत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेंगांच्या ओळीवर. वहिनी वेलाची टोकं त्याच्यावर चढवत होत्या.

"बाबा, हा? इथं? पावसात भिजेल. आणखी आखडेल."

"आखडू दे," दादा म्हणाले. "ताणला गेला की वेल वर उचलला जाईल. तेवढंच त्याला जमतं ना, ते करू दे." त्यांनी गाठ मारली आणि गाठीवरून अंगठा फिरवला. "मैदानाला तुझं यंत्र."

तेवढ्यात मागं हाकाटी झाली. गर्दी दुभंगत होती, मधून एक वाट निघत होती, आणि वाटेच्या पार टोकाला, नव्या मध्यरेषेच्या बरोब्बर मागं, अनवाणी तोफ उभे होते. पुढ्यात चेंडू.

"दादा!" ते ओरडले. "मापात आहे ना?"

"पंचवीस वर्षांचा नाहीस तू आता!" मास्तरीणबाई पायऱ्यांवरून ओरडल्या.

"मापात आहे का ते सांग!"

"शून्य शून्य!" लेक ओरडली.

तोफ चार पावलं मागं गेले, पळत आले आणि घातला पाय. चेंडू उंच गेला, इतका की काहींनी डोळ्यांवर हात धरले, वळला, उतरला, गोलच्या तोंडाशी एकदा उसळला आणि आत गेला. जाळं अजून बांधलेलं नव्हतं. चेंडू थेट पुढं येऊन शेंगांत घुसला.

"भावजी! माझे वेल!" वहिनी किंचाळल्या.

दोर थरथरला, पण धरून राहिला. दादा उभे राहिले. ज्या शिट्टीनं त्यांनी आयुष्यभर माणसांना या गवतावरून बाहेर काढलं, ती त्यांनी ओठांत धरली, छाती भरून घेतली आणि लांबलचक वाजवली.

गोल.